आत्याबाईंची चिनी अंडी

आमच्या आत्तेसासूबाईंना एखाद्या गोष्टीला 'नको' म्हणेल असा माणूस अख्ख्या खापर गावात जन्मला नव्हता. जन्मला असता तरी त्यांनी त्याला पाटावर बसवून आधी खायला घातलं असतं. त्यांचे यजमान कलकत्त्याला रेल्वेच्या कारखान्यात होते. ते विषमज्वराने गेले, तेव्हा आत्याबाई पत्र्याची एक ट्रंक, झाकणाचा चिनी मातीचा वाडगा आणि अंडी शिजवायच्या भलत्याच तऱ्हा घेऊन धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे, परत आल्या. आमचं घर किराणा दुकानदाराचं, शुद्ध शाकाहारी. अंड्याला 'पांढरा बटाटा' म्हणायचं, तेही कुजबुजत. आत्याबाई मात्र बाजाराच्या दिवशी डोंगरातून उतरलेल्या बायकांशी भर रस्त्यात, आमच्याच दुकानासमोर, "अंडा काय भाव वं?" अशी खणखणीत घासाघीस करायच्या.

त्यांची चूल वेगळी, परसात कडुनिंबाखाली. उकडलेल्या अंड्यांच्या कवचाला चमच्याने टिचक्या मारून ती चहापत्ती, दालचिनी आणि मिठाच्या पाण्यात दुपारभर उकळायची. सोलली की अंड्यावर तपकिरी रेघांचं जाळं उमटलेलं असे. चिनी लोक त्यात कसलासा काळा खारट रस घालतात. तो खापरला कुठून मिळणार? आत्याबाई गूळ काळाकुट्ट होईपर्यंत जाळायच्या, त्यात मीठ कालवायच्या आणि म्हणायच्या, "आते हाऊच मन्हा चीन." पहिल्यांदा गूळ जाळला तेव्हा आग लागली समजून शेजारी बादल्या घेऊन धावत आले होते. आत्याबाईंनी त्या पाण्याने भांडी घासून घेतली आणि रिकाम्या बादल्या परत दिल्या.

मी धुळ्याहून सून म्हणून आले, तोवर अंड्याला हात लावलेला नव्हता. वाफवलेल्या अंड्याचा पहिला चमचा आत्याबाईंनीच मला भरवला. फेटलेल्या अंड्यात कोमट पाणी, वाडग्यावर झाकण, खाली मंद जाळ. "बोट लावं का थरथरनं पाह्यजे," त्या म्हणायच्या. मी डोळे मिटून गिळलं आणि डोळे उघडून वाडगा पुढे केला. हे त्यांना शिकवलं कलकत्त्याच्या शेजारणीने. तिचा नवरा चिनी, चपला शिवणारा, आणि तीही चिनी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मोडक्या हिंदीत दोघींचा संसार चालला होता.

मग बासष्ट साली चीनशी लढाई सुरू झाली. गावात संरक्षण निधीची झोळी फिरली, तिच्यात ट्रंकेतल्या सोन्याच्या पाटल्या सगळ्यात आधी टाकल्या त्या आत्याबाईंनी. आणि तरीही चार दिवसांत सरपंच माणसं घेऊन परसात उभे राहिले.

"आक्का, लोके बोली ऱ्हायनात. हाई चिनी रांधनं आते बंद करा."

आत्याबाई फुंकणी खाली न ठेवता म्हणाल्या, "अंडा डोंगरन्या कोंबडीना, गूळ आपला, चूल मन्ही. यामा चीन कोठे शे? माले दखाड."

सरपंचांनी खरोखरच पातेल्यात डोकावून पाहिलं. "मंग नाव तरी बदला. चिनी म्हनू नका."

"मन्हा मालक गया तवय मन्हा तोंडमा घास जाये ना. त्या बाईनी माले चमच्याघाई खावाडं. तिन्हं नाव टाकी दिसू? मरी जासू, पन टाकाव नही!"

दुसऱ्या दिवसापासून दुकानाचं गिऱ्हाईक आटलं. सासरे हात जोडून म्हणाले, "आक्का, दुकान बुडी जाई." आत्याबाईंनी परसातली चूल सोडली, शेगडी उचलली आणि गावाबाहेर अक्कलकुव्याच्या रस्त्याला आमच्या गुरांच्या रिकाम्या गोठ्यात बिऱ्हाड केलं. बाजाराच्या दिवशी त्यांनी शेगडी गोठ्यात नव्हे, दारासमोर रस्त्यालगत मांडली. जाणारा येणारा थांबून "काय रांधी ऱ्हायनात?" विचारी, आणि त्या मोठ्याने सांगत, "चिनी अंडा!" मी घरात कुणाला न विचारता गेले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांसमोर मांडी घालून जेवले. संध्याकाळी सासरे स्वतः बैलगाडी घेऊन आले. त्यांनी आधी शेगडी गाडीत ठेवली, मग बहिणीला हात दिला. गिऱ्हाइकं रुसली होती, ती मीठ संपल्यावर एकेक करून आली.

लढाई थांबल्यावर आत्याबाईंनी माझ्या यजमानांच्या मागे लागून त्यांना कलकत्त्याला पाठवलं. त्यांना गल्ली सापडली, पण चपलांच्या दुकानाला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, लढाई लागली तेव्हा चिनी म्हणून पोलिसांनी नवरा-बायको दोघांना नेलं, तिकडे राजस्थानात कुठल्याशा छावणीत. पुढचं कुणाला माहीत नाही.

मला वाटलं, आता आत्याबाई सरकारचा उद्धार करणार. पण त्या कधी नव्हत्या इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "तठे कोंबड्या ऱ्हातीस का रे?"

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मीही राजस्थान कुठे पाहिलं होतं? तरी मी म्हणाले, "ऱ्हातीस ना, आत्याबाई. ढीगभर ऱ्हातीस."