बळीरामचा दुपारचा पहारा

सप्ताहात वीणा घेताना समोरच्याच्या पाया पडायचं असतं. तो आपल्या पडतो, आपण त्याच्या पडतो आणि मग वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही त्या दुपारी देवळात गावचे तात्या वीणा द्यायला वाकले आणि कल्याणच्या ऑफिसात वीस वर्षं घालवलेल्या मी हात पुढे करून त्यांच्याशी शेकहँड केला. वाकलेल्या तात्यांनी तसाच वाकून तो स्वीकारला. मागे बायकांमध्ये खसखस पिकली. त्यात माझी बायकोही होती, आणि तिचं हसू सगळ्यांत शेवटी थांबलं.

आमचं गाव धसईच्या पुढे. मारुतीच्या देवळात चैत्रात सात दिवस अखंड नाम चालतं. तितके दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. दोन-दोन तासांचे पहारे लावून माणसं ती गळ्यात घेऊन उभी राहतात. दुपारी दोन ते चारचा पहारा कोणालाच नको असतो. पोट भरलेलं, वर पत्रा तापलेला. नव्वदच्या सुमारास सप्ताह सुरू झाला तेव्हापासून तो पहारा बळीरामचा. चौदा वर्षांत एकदाही मोडला नाही, असं गावात अभिमानाने सांगत.

बळीराम माझा बालमित्र. धसईच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. त्याच्या डब्यातली भाकर मी खायचो आणि माझी गणितं तो बघून लिहायचा. त्यामुळे गणितात आम्ही जोडीने नापास झालो. पुढे मी वाशिंदला घर केलं, तो भातशेतीत राहिला. त्या सप्ताहाआधीच्या मार्गशीर्षात त्याला कावीळ झाल्याचं कळलं. येत्या रविवारी जाऊ, असं मी बायकोला तीन रविवार सांगितलं. चौथ्याच्या आधी तो गेला. आजाऱ्याला न्यायची म्हणून ठरवलेली केळी मी त्याच्या दहाव्याला घेऊन गेलो आणि ती कुठे ठेवावीत हेही मला सुचेना.

तेव्हाच त्याची आई, आमच्या काकी, म्हणाल्या होत्या, “बळीचा पहारा या साली रिकामा नको रे जाऊ देऊ. तू उभा ऱ्हा. बाकी मना काय नको.”

मी लगेच हो म्हटलं. रजा मात्र एकाच दिवसाची मिळाली; बाकीच्या दुपारी गावातल्यांनी वाटून घेतल्या. माझी भक्ती म्हणजे देवळावरून जाताना चप्पल न काढता घंटा वाजवण्याइतकी. पण वाटलं, दोन तास न डगमगता उभा राहिलो तर बळीराम ते तीन रविवार विसरेल. मग उत्साहाच्या भरात, कोणी सांगितलेलं नसताना, मी त्या दिवशी कडक उपासही धरला. मला साखरेचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी वेळेवर खायला बजावलंय, हे बायकोने दोनदा सांगून पाहिलं. मी तिला श्रद्धेवर चार वाक्यं ऐकवली.

पहिला तास बरा गेला. ‘रामकृष्णहरी’ म्हणत होतो, तार छेडत होतो, आणि खोटं कशाला बोलू, कोण कोण बघतंय तेही बघत होतो. तीनच्या सुमारास बाहेर ओरडा झाला. गावाच्या टोकाला पेंढ्याची उडवी पेटली होती. मांडवात लवंडलेली माणसं उठून धावली, बायका हंडे घेऊन धावल्या. देवळात मी, मारुती आणि वीणा एवढेच उरलो.

चार वाजून गेले. पुढचा पहारेकरी तिकडे आग विझवत होता. माझ्या पोटऱ्या कापायला लागल्या, घाम फुटला, समोरचा मारुती दोन दिसायला लागला. हाक मारली, पण तोंडातून आवाज निघाला तो नामाइतकाच बारीक. वीणा खाली ठेवावी तर बळीरामची चौदा वर्षं माझ्या हातून मोडणार, न ठेवावी तर मी वीणेसकट पडणार. आजवर देवाकडे बढती मागितली होती, बदली मागितली होती. त्या वेळी काही मागायलाही सुचलं नाही. मनात एवढंच आलं, मारुतीराया, हे माझ्याच्याने होत नाही. आता तूच बघ.

दारात कोणीतरी पाठीवरचा भारा उतरवला. डोंगरातल्या वाडीवरचा एक म्हातारा होता; पत्रावळी घेऊन आला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, नळावर पाय धुतले आणि सरळ आत आला.

“द्या इकडं, भाऊ. तुमी बसा. खाली नाय ठेवायची ती.”

माझ्या पाया पडून त्याने वीणा गळ्यात घेतली, ती इतक्या सवयीने की मी बघत राहिलो. मग मी खांबाला टेकून बसलो. त्याने कनवटीचा गूळ काढून दिला. तो खाल्ल्यावर जरा वेळाने मारुती पुन्हा एक झाला.

“तुम्हाला पहारा कसा येतो?” मी विचारलं.

“बळीभाऊ देयाचा ना दर साल. बिडी वढायला जायाचा मागं, चिंचेखाली. धर रे बाबा, आलोच, म्हनायचा. कदी कदी तितंच झोपायचा.”

मी हसायला लागलो. हसता हसता रडू आलं. बळीराम गेल्यापासून ते पहिल्यांदाच आलं.

“पत्रावळी तर उद्याच्या जेवणाला लागतील. तुम्ही आजच कसे?”

“दिस चुकला माजा. म्हातारी बोलत व्हती उद्या हाये म्हनून. मी आयकलं नाय.”

पाचच्या पुढे सगळे परतले. उडवी गेली, गुरं वाचली. धुराने तोंड काळवंडलेल्या पुढच्या पहारेकऱ्याने म्हाताऱ्याच्या पाया पडून वीणा घेतली. मी काकींना सगळं खरं सांगितलं, बिडीसकट. त्या म्हणाल्या, “मोडला नाय ना? मग झालं,” आणि म्हाताऱ्याला चहा द्यायला उठल्या.

त्या म्हाताऱ्याचा दिवस कसा चुकला, यावर मी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं की मी एकट्याने पेलायला निघालो होतो ते बळीरामनेही कधी एकट्याने पेललं नव्हतं. थकल्यावर ‘धर रे बाबा’ म्हणायला त्याला लाज वाटत नव्हती. मला ते म्हणायला चक्कर यावी लागली. आता रोज दिवा लावताना ते तीन शब्द म्हणतो.

परतीच्या एसटीत मुरबाडपर्यंत मी बायकोला हेच रंगवून सांगत होतो. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, “अहो, पुढच्या वर्षी तो पहारा त्या बाबांच्याच नावावर लावायला सांगा. त्यांना बिडी ओढायला जायचं असेल तेव्हा तुम्ही उभे राहा. जेवून.”