वेळापत्रकात नसलेली गाडी

कर्जतच्या इंजिन-शेडमध्ये खंडेनवमीला इंजिनांची पूजा होई. झेंडूच्या माळा, बॉयलरवर कुंकवाची बोटं, चाकापुढे नारळ आणि शेवटी मोठ्या साहेबाचं भाषण. रेल्वेने हिंदुस्थानावर केलेले उपकार साहेब दरवर्षी नव्याने मोजून दाखवी. इंजिनं निमूट ऐकत, कारण त्या वेळी त्यांच्यात वाफ नसे. मी गावातला शाळामास्तर, माझं तिथे काही काम नव्हतं. पण एका इंजिनाला माळ पडताना पाहायला मी न चुकता जायचो, कारण ते माझ्या मित्राचं इंजिन होतं.

मुंबईहून आलेल्या मेलला घाट एका इंजिनाने चढवत नसे. पुढच्या इंजिनावर गोरा ड्रायव्हर. त्याच्या मिशा पाहायला प्लॅटफॉर्मवर माणसं जमत. कर्जतला मागून दुसरं इंजिन लागे, त्याला बँकर म्हणत, आणि त्यावर आमच्या शेजारच्या वाडीतल्या कुणब्याचा मुलगा उभा असे. लहानपणी आम्ही एकाच पाटीवर थुंकून पुसत असू. घाटात वर एका जागी गाडी उलट दिशेने निघे आणि मागचं इंजिन पुढचं होई. तिथून वर अख्खी मेल आमचा माणूस नेत असे. हे मेलमधल्या पुणेकरांना ठाऊक नव्हतं. वाडीला ठाऊक होतं, आणि वाडीला तेवढं पुरत असे.

मोठी लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तो सकाळीच माझ्या दारात उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी.

"चल रं मास्तर, राजमाचीला जाऊ. दोन दिस रजा टाकलीया."

"सीमोल्लंघन काल झालं," मी म्हणालो.

"काल तू नाक्यापर्यंत जाऊन आलास. तेला सीमोल्लंघन म्हंत्यात व्हय?"

भाकऱ्या घ्यायला आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने गाठोडं माझ्या हाती दिलं, त्याच्या नव्हे. "भावजी, सोमवारी ह्यास्नी डोळं तपासाया जायाचं हाय. डोंगरात फिरवा, पण डोळ्यांत कचरा जाऊ देऊ नगा."

ही तपासणी दरवर्षी असे. दवाखान्याच्या खोलीत भिंतीवर इंग्रजी अक्षरांचा तक्ता होता. वरची ओळ म्हशीएवढी, खालची मुंगीएवढी. खालपर्यंत वाचता आलं नाही तर इंजिन सुटलं. चष्मा लावून इंजिन चालवायची मुभा नव्हती. शेडमधल्या निम्म्या लोकांना इंग्रजी अजिबात येत नसे, पण तो तक्ता ते आरतीसारखा म्हणत. माझ्या मित्रालाही तो पाठ होता. तेव्हा बायकोच्या काळजीचं मला हसू आलं.

कोंडिवड्याच्या पुढे ओढा ओलांडल्यावर तो म्हणाला, "घाटात सिग्नल जरा उशिरानं दिसाया लागलाय."

"किती उशिरानं?"

"त्ये दिसल्यावर कळतंय."

मी थांबलो. तो थांबला नाही. पुढे चालता चालता त्याने बेत सांगितला. राजमाचीवरून दरीपलीकडचा सगळा रेल्वेघाट दिसतो. मी पाहायचं, त्यानेही पाहायचं. मला दिसेल ते त्याला दिसलं, तर सोमवारी तो बिनघोर तक्ता म्हणणार.

"आणि नाही दिसलं तर?"

"पाय उचल रं. ऊन चढतंय."

माझ्या नाकावर चष्मा होता. चष्मेवाल्याला डोळ्यांचा पंच नेमणारा ड्रायव्हर मी दुसरा पाहिला नाही. पण तो लावला की मला दूरचं स्वच्छ दिसे, हेही खरं.

भाताला सोनं चढलं होतं, आभाळ धुऊन काढलेलं, आणि ऊन मात्र चैत्रातलं. कोंडाण्याच्या लेण्यांत आम्ही जरा टेकलो. एका खांबावर कुणा साहेबाने आपलं नाव कोरून ठेवलं होतं. लेणी कुणी खोदली हे त्याला ठाऊक नसावं, पण ती कुणी पाहिली हे जगाला कळावं अशी त्याची इच्छा होती. लेण्यांच्या वर चढ असा की माझ्या तोंडून बोलणं फुटेना.

"बँकर लावू का मागनं?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता काठी माझ्या पाठीला आडवी लावून ढकलू लागला. वर तोंडाने छुक् छुक् चाललेलं. अशा रीतीने शाळाखात्याचा एक जबाबदार नोकर राजमाचीवर पोचला. वर आल्यावर मी मागे वळून पाहिलं, तर पायथ्याची गावं भाताच्या खाचरांत बोटाएवढी झालेली. एवढं आपण चढलो, याचा मला इतका गर्व वाटला की ढकलणाऱ्याचा वाटा मी दिवसभर कबूल केला नाही.

किल्ल्याखालच्या वाडीत एका म्हातारीने आम्हाला पडवी दिली. नाचणीची भाकरी आणि ताक देता देता तिने त्याची चौकशी केली.

"काय काम करतोस रं?"

"गाडी ढकलतो, आये."

"हातानं?"

"इंजिनानं."

"मंग इंजिन ढकलतंय म्हन की. तू काय करतोस?"

तो इतका हसला की ताक सांडलं. मग त्याने तिला कोळसा कसा टाकतात, वाफ कशी राखतात, चढावर चाक घसरलं तर रुळांवर वाळू कशी सोडतात, ते सगळं जमिनीवर काटक्या मांडून दाखवलं. मी त्याला इतकं बोलताना फारसं पाहिलं नव्हतं. म्हातारी शेवटी म्हणाली, "लई मोठं काम हाय रं बाबा," आणि तो साहेबाचं भाषण ऐकतानाही कधी बसला नव्हता इतका ताठ बसला.

रविवारी सकाळी आम्ही कड्याशी जाऊन बसलो. भोवती सोनकीची पिवळी फुलं, समोर दरी आणि पलीकडच्या डोंगराच्या कमरेला रेल्वेची रेघ. म्हातारी गुरं घेऊन तिथेच आली होती. खालून, घाटातल्या ठाकूरवाडीच्या अंगाने शिटी ऐकू आली.

"पुण्याची पॅसेंजर," तो म्हणाला. "धा डबे. मागचा बँकर काळा धूर टाकतोय."

मी पाहिलं. डबे मोजले. धूर पाहिला. सगळं बरोबर. काही वेळाने दुसरी गाडी आली आणि त्याने तीही तशीच बिनचूक सांगितली. मी त्याच्या मांडीवर थाप मारली.

"अरे, तुझे डोळे माझ्यापेक्षा बरे आहेत! उगाच दमवलंस मला."

तेवढ्यात वरून, खंडाळ्याकडून, इंजिनाचा आवाज आला. त्याने मान वाकडी करून ऐकलं.

"ही मालगाडी. रिकामी खाली निघालीया. तिची येळच हाय."

मी पाहिलं. बोगद्यातून एक आखूड गाडी बाहेर पडली होती. ती पांढरी शुभ्र होती.

"आगं बाय," म्हातारी म्हणाली, "बगळ्यांची माळ जनू!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "पांढरी हाय?"

"पांढरी आहे."

"लाटसायबाची असंल. पावसाळा सरला, पुन्याहून मुंबईला निघाला. रजेवर व्हतो, नोटीस नाय बघितली." तो हे अगदी कामाच्या सुरात बोलला. लाटसाहेबांच्या प्रवासाचा रयतेला थेट उपयोग झालेला मी तेवढाच पाहिला. मग तो हळू म्हणाला, "पयल्या दोनी बी मी बघितल्या न्हवत्या रं. येळ ठावकी व्हती. आवाज ठावका व्हता."

"हे बघ," मी म्हणालो, "गाडी दोन-तीन मैलांवर. सिग्नल काय इतका लांब असतो? आणि घाट तर तुला पाठच आहे. उद्या तक्ता म्हण आणि मोकळा हो. सगळे तेच करतात."

"घाट पाठ हाय. पन घाटात दरड पडली तर ती पाठ असती व्हय? वर गाडी फिरली की पुढं मी असतो. माज्यामागं गाडीभर मानूस झोपल्यालं असतंय." म्हातारीकडे बोट करून तो म्हणाला, "हिला बिनचष्म्याचं दिसलं."

उतरताना तो माझ्यापुढे होता. निसरड्या गवतावर तो पाय चाचपून ठेवत होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

सोमवारी मी शाळा मुलांच्या आणि देवाच्या हवाली करून दवाखान्याबाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. दार अर्धं उघडं होतं. गोऱ्या डॉक्टरने छडीने तक्ता दाखवला. माझा मित्र मोठ्याने वाचू लागला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौथीच्या मध्यावर तो थांबला.

"आगे बोलो," डॉक्टर म्हणाला.

"आगे पाठ है, साब. दिखता नहीं."

डॉक्टरला आधी तो उर्मटपणा वाटला असावा. त्याने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. मग आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

तो बाहेर आला. मी विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हनला, तू येडा हायस. मंग उठून हात मिळवला."

हात मिळवून पगार भरून येत नाही. इंजिन सुटलं. नव्या फायरमनना चढावर आग राखायला शिकवायचं शेडमधलं काम मिळालं, पण निम्म्या पगारावर. शेडमध्ये कुणी म्हणालं, बुद्धी फिरली. कुणी म्हणालं, तीन ओळी तर राहिल्या होत्या, म्हणून टाकायच्या. घरी बायकोने एवढंच विचारलं, "कुनी सांगितलं व्हतं?" तो म्हणाला, "कुनी नाय." तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "आता रातचं घरी जेवाल, तेवढं बरं," आणि तिने त्याचं पान वाढलं.

मुलांच्या पाठांतराला मार्क देण्यात माझं आयुष्य गेलं. पाठ असूनही न म्हणणारा विद्यार्थी मला एकच भेटला, आणि तो माझ्या शाळेत नव्हता. दवाखान्यातून घरी जाताना आम्ही कर्जतच्या बाजारातून बरोबर चाललो होतो. सावकार दिसले, पोस्टमास्तर दिसले, फौजदारही दिसले. एरवी मी नमस्काराला तत्पर माणूस. त्या दिवशी मी कुणालाच आधी नमस्कार केला नाही.