कुंपणालगतचा खड्डा

ताईला स्वतःचं घर हवं होतं ते एकाच कारणासाठी. तिच्या भाड्याच्या खोलीमागे चार बिऱ्हाडांत मिळून एक संडास होता, आणि लग्न होऊन आल्यापासून मागची खिडकी तिने कधी म्हणून उघडली नव्हती. लोक ऐसपैस घर मागतात, हवेशीर मागतात, कुणाला वर गच्चीही लागते. ताईचं म्हणणं एवढंच, की आपल्या घरात बसून आपल्याला दुसऱ्याची घाण हुंगायला लागू नये. बाईचं नाक मुळात तिखट. ती वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि सकाळचं दूध तिने हुंगल्याशिवाय गॅसवर चढत नसे. तिथला आचारी तिला मांजर म्हणायचा, तेही तोंडावर.

प्लॉट सुचवला तो धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने. म्हणजे ताईच्या नवऱ्याचा साडू. "अहो, आमच्या शेजारचाच रिकामा पडलाय. डोळे मिटून घ्या! दोघी बहिणी शेजारी-शेजारी, दुधात साखर!" डोळे मिटायला सांगितलं शहाण्याने, नाकाचं काही बोलला नाही. ताईचा नवरा म्हणजे तर देवमाणूस. कुणी हसून बोललं की हा सही करायला तयार. झाला व्यवहार.

प्लॉट साफ करायला घेतला आणि पहिल्याच दिवशी ताईचं तोंड कडू झालं. बाकीची जमीन खडखडीत, आणि साडूच्या कुंपणालगत मात्र कमरेएवढं हिरवंगार रान. ते कापलं तर खालून काय निघावं? कुजक्या चपला, दातांचे ब्रश, केसांचे गुंतवळे, बाळाचे वापरलेले डायपर. धाकटीच्या घरातलं बाळ तर आता शाळेत जायला लागलं होतं! "वाऱ्याने उडून येतं हो सगळं," साडू कुंपणावरून म्हणाला. डायपर वाऱ्याने उडतात हे ताईला नवीनच कळलं. तिने नाकाला रुमाल बांधला आणि काठीने एकेक उचलून पोत्यात भरलं. शिसारीने तिच्या अंगावर काटा येत होता, पण घर आपलं होतं.

मग मिस्त्रीने चुना टाकून आखणी केली, सुतळ्या ताणल्या, कॉलमचे खड्डे घेतले. सगळे खड्डे कोरडे ठणठणीत. कुंपणालगतचा एकच असा, की संध्याकाळी उपसावा आणि सकाळी बघावं तर पुन्हा गुडघाभर काळं पाणी.

"झरा लागला वाटतं!" ताईचा नवरा हरखून म्हणाला.

"नशीब काढलंत साडूभाऊ," कुंपणावरून लगेच उत्तर आलं. "लोक पाण्यासाठी बोअर मारून मारून थकतात. तुमच्या पायाशी पाणी आपणहून आलंय."

ताई खड्ड्याच्या काठावर वाकली आणि तशीच मागे सरली. झऱ्याला कधी फिनेलचा वास येतो? आणि त्याच्या खालून जो दुसरा येत होता, त्याचं नाव घ्यायची गरजच नव्हती. ती बाजूला जाऊन ओकली.

"तुला बाई सगळीकडेच वास येतो," नवरा म्हणाला.

त्याच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ताई संध्याकाळी धाकटीकडे चहाला गेली. पर्समध्ये कपड्यांना घालायच्या निळीची भरलेली बाटली होती. चहा झाल्यावर ती संडासात गेली, अख्खी बाटली भांड्यात रिकामी केली आणि वर बादलीमागून बादली पाणी ओतलं.

"ताई, बरं नाही का गं?" बाहेरून धाकटीने विचारलं.

"पोट बिघडलंय," ताई म्हणाली.

सकाळी मिस्त्रीचा फोन आला. "ताई, तुमच्या झऱ्याला रंग आलाय."

खड्ड्यात निळंशार पाणी होतं. मिस्त्रीने कुंपणाकडची बाजू पहारीने उकरली तर हातभर आत पाइपचं तोंड निघालं. निळं अजून ठिबकत होतं. साडूने स्वतःचा मैल्याचा खड्डा कधी बांधलाच नव्हता. पाइप कुंपणाखालून सरकवून दिला होता ह्या बाजूला, की संपलं काम!

साडू आला, धाकटी आली. ताईने नुसतं पाइपकडे बोट दाखवलं.

"मग काय करणार होतो गं?" धाकटी म्हणाली. तिला लाजही वाटत नव्हती. "प्लॉट ओस होता, कुणाचं काही जात नव्हतं. मग तो विकायला निघाला. कुणी परका आला असता तर सरळ तक्रार करून मोकळा झाला असता. म्हणून तर ह्यांनी तुमचं नाव काढलं. घरचे असले की समजून घेतात ना!"

ताईच्या डोक्यात झणकन तिडीक गेली. म्हणजे बहिणीची माया, शेजार, ती दुधातली साखर, सगळं ह्यासाठी! त्या गुडघाभर घाणीची वाटली नसेल एवढी किळस तिला त्या दोन हसऱ्या तोंडांची वाटली.

"जाऊ दे गं," नवरा पुटपुटला. "आपलेच दात, आपलेच ओठ. एकदा काँक्रीट पडलं की कुठे दिसणार आहे?"

"तेच म्हणतो मी!" साडू म्हणाला. "उद्या मिक्सर येतोय, द्या ओतून."

"ओतता येईल," मिस्त्री म्हणाला. "पण पाणी काही थांबायचं नाही. आज ना उद्या फरशीतून वर येईल, ताई."

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. तो सुतळीची गाठ उगाच घट्ट करत होता. ह्या माणसाचीही तिला त्या क्षणी शिसारी आली.

"मिस्त्री, घमेलंभर माल कालवा," ती म्हणाली.

"पायासाठी?"

"पाइपसाठी. आणि मग हा खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल न्या. एक ढेकूळ काळं राहता कामा नये."

ती स्वतः शिडीवरून खाली उतरली. गोणपाटाचा बोळा करून पाइपच्या तोंडात कोंबला आणि थापी मागून घेतली. वर धाकटीच्या लक्षात आलं तशी ती किंचाळली, "ताई, अगं काय करतेस! सगळं उलटं आमच्या घरात येईल!"

"येऊ दे. तुमचंच आहे."

"सख्खी बहीण ना गं तू माझी?"

"सख्खी म्हणून लहानपणी तुझी दुपटी मी धुतली," ताई मान वर न करता म्हणाली. "आता तुझ्या नवऱ्याची धुऊ?"

आणि तिने पाइपच्या तोंडावर थापीने माल दाबला.