सुरकुती न चालणाऱ्या मामाची झोळी

आमच्या मामाला सुरकुती चालत नाही. स्वतःच्या कपाळावरची चालते, कारण ती त्याला दिसत नाही. पण कापडावर दिसली की डोकं फिरतं. तो गाड्यांची सीटकव्हरं शिवतो. कव्हर सीटवर चढवलं की गुडघा रोवून असं खेचतो की माशीसुद्धा वर बसली तर घसरावी. दुकानात हे ठीक आहे हो, पण घरी? त्याच्या पलंगावरची चादर इतकी ताणलेली असते की पाहुण्याला टेकायची छाती होत नाही. मी सख्खी भाची, तरी लहानपणापासून त्या घरात खुर्चीच्या कडेवर बसत आलेय. हा माणूस मला जितका आवडतो तितकाच डोक्यात जातो.

मामी अगदी उलट. ती शाळेची व्हॅन चालवायची. मागे पोरांचा कालवा, पुढे सिग्नल आणि मधे मामी शीळ घालत. तिच्या सीटांवर पोरांनी पेनाने मिशा काढल्या होत्या. त्या बघवत नाहीत म्हणून मामा त्या व्हॅनमध्ये कधी बसायचाच नाही. निवृत्त झाली त्या दिवशी मामीने निरोपाचा गुच्छ बादलीत ठेवला, सोफ्यावर अंग टाकलं आणि म्हणाली, "अहो, जन्मभर पाय पेडलवर होते. आता एकदा असं झोपायचंय की पाय कशालाच लागणार नाहीत. ना पेडलला, ना जमिनीला. बाकी काही नको मला."

मामीने आजवर मामाकडे काही म्हणून मागितलेलं नव्हतं. मामा असा हरखला की झाडांना बांधायची झोळी, ते हॅमॉक म्हणतात ना, ती त्याने एका बैठकीत शिवून काढली. अडलं ते झाडांपाशी.

जवळपास जोडीची झाडं होती ती फक्त शेजारच्या सिस्टरांच्या अंगणात, दोन जुन्या, दणकट तुती. सिस्टर म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स. सगळी गल्ली त्यांना अजून सिस्टर म्हणते आणि अजून घाबरते. मामा हातोडी आणि दोन लांब हुक घेऊन फाटकातून शिरला, तेव्हाच मी कपाळाला हात लावला. आधी सिस्टरांना विचार म्हणून सांगितलं होतं, पण माझं ऐकतंय कोण!

"माझ्या झाडाला खिळे ठोकणार?" सिस्टर ओट्यावरूनच गरजल्या.

"छोटेच आहेत हो."

"सुईपण छोटीच असते. करा दंड पुढे, दाखवते."

हुक मुकाट खिशात गेले. मग सिस्टरांनी आम्हाला डावीकडच्या तुतीच्या बुंध्यावरची खाच दाखवली. त्यांच्या यजमानांनी कपडे वाळत घालायला हौसेने तार बांधली होती. झाड फुगत गेलं, तार सालीत रुतत गेली. "ते गेल्यावर मी तार सोडवली," सिस्टर म्हणाल्या, "पण वरची फांदी वाळली ती वाळलीच." त्यांनी खाचेवरून हात फिरवला.

पण सिस्टर त्या सिस्टरच. लगेच अट घातली, "झाडाला जे बांधणार ते आधी तुमच्या दंडाला बांधायचं. दुसरं टोक मी ओढणार. वळ उठला तर फाटक तिकडे आहे."

मामाने नायलॉनची दोरी दंडाला बांधली आणि कुंपणाचा खांब कवटाळला. सिस्टर अंगाने भरलेल्या. त्यांनी दोरी धरून स्वतःला मागे झोकलं मात्र, मामाने "आई गं" करून अशी बोंब ठोकली की रस्त्यावरचा पोस्टमन सायकलवरून उतरला. दंडावर लालभडक वळ.

"तुम्ही बोंबललात म्हणून कळलं," सिस्टर म्हणाल्या. "झाड कुठे बोंबलतंय?"

मामा तडक दुकानात पळाला आणि सीटबेल्टचे रुंद पट्टे टोकांना फासे शिवून घेऊन आला. खाली घालायला जाड फेल्टचे तुकडेही आणले. पुन्हा दंड, पुन्हा खांब, पुन्हा सिस्टर. या खेपेला मामा फिदीफिदी हसायला लागला. "गुदगुल्या होतायत!" वळाचा पत्ता नव्हता. सिस्टरांनी परवानगी दिली. झोपून झालं की पट्टे त्याच दिवशी सोडायचे, एवढं मात्र बजावलं.

इथवर सगळं छान होतं. पण झोळी बांधणारा कोण, तर आमचा मामा! त्याने जन्माच्या सवयीने बुंध्याला पाय लावून ती अशी खेचली की कापड फळीसारखं ताठ झालं. सुरकुती नाही, घडी नाही. मामाच्या चेहऱ्यावर समाधान मावेना. मामी हरखून वर चढली, आडवी झाली आणि झोळीने तिला गर्रकन उलटं करून खाली टाकलं, थेट पिकलेल्या तुतींच्या सड्यावर. उठली ती मागून जांभळी! हसून हसून माझी मुरकुंडी वळली. पोस्टमन अजून तिथेच होता, त्याने टाळ्या वाजवल्या.

"हसताय काय!" सिस्टर ओरडल्या, पण त्याही हसत होत्या. "शेंडे हलतायत बघा. जितकं ताणाल तितकी ओढ झाडांना. पट्टे वर घ्या आणि झोळीला चांगला बाक येऊ द्या. पुन्हा ताणलेली दिसली तर गुंडाळून घरी न्यायची, कायमची."

"ढिली सोडू?" मामाचा आवाज चिरकला. "माझ्या हातची?"

त्याने पट्टे वर बांधले. झोळी सोडायला घेतली आणि हात पुन्हा ओढायलाच लागले. सोडायचा, ओढायचा, सोडायचा, ओढायचा. सिस्टरांच्या भुवया चढू लागल्या. आता सगळं मुसळ केरात जाणार होतं. तेव्हा मामीने जांभळ्या हातांनी त्याचं मनगट धरलं.

"अहो, सीट नकोय मला. द्या ना सोडून."

मामाने डोळे घट्ट मिटले आणि झोळीचा दोर हातातून सरकू दिला. झोळी खाली आली, मधे छान बाकली. मामी तिच्यात तिरकी पसरली आणि किंचाळली, "अगं बाई, पाय कशालाच लागत नाहीत!" झोके घेत ती किती खिदळली सांगू! मग शीळ घालता घालता झोपून गेली.

झोपेत तिचा उजवा पाय मधूनच हवेत दाबला जात होता. ब्रेक.

"सिग्नल लागला वाटतं," मामा कुजबुजला. मला हसू आवरेना, आणि एकदम रडूही आलं. काही वेळाने पाय थांबला. सिस्टरांनी पट्ट्याखाली बोट सरकवून साल चाचपली आणि मान डोलावली.

मामीच्या कमरेखाली कापडाला सुरकुत्याच सुरकुत्या पडल्या होत्या. मामाचा हात पुढे गेला. एक सुरकुती त्याच्या चिमटीत आलीसुद्धा. मग त्याने ती हळूच सोडून दिली आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभा राहिला.