पाळण्याकरवी बोलणं

सुनेनं सासऱ्याशी तोंड उघडून बोलायचं नाही, ही आमच्या कुरवंड्यातली रीत. सासूबाई होत्या तोवर निरोपांची ने-आण त्या करीत. त्या गेल्या आणि मी पाळण्यातल्या लेकीशी बोलू लागले. "बाई गं, आबांना सांग, भाकरी वाढलीय." ओट्यावरून सासरे खाकरत, "आईला सांग, आलो." दात न आलेली पोर काय सांगणार, कपाळ!

बाप-लेकाची तऱ्हा त्याहून वरताण. नवरा लोणावळ्याच्या रेल्वे यार्डात कामाला. घरी आला की दोघं शेजारी बसून मुकाट जेवत.

लढाईचे दिवस होते. सुगी उरकलेली, बैल गोठ्यात रिकामे. लोहगडवाडीहून माझा भाऊ सांगत आला, आईनं अंथरूण धरलंय, सारखं तुझं नाव घेतीय. पण आबांच्या शब्दाशिवाय उंबरा ओलांडायची सोय नव्हती. भाऊ एकटाच परत गेला.

"बाई, आबांना सांग, तुझी आजी लय आजारी हाय." आबांनी ऐकलं, चिलीम झटकली आणि रानात निघून गेले. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही तरी बोला. तर म्हणाला, "आबांनी आपणहून म्हणावं. बायकोसाठी बापापुढं तोंड उघडलं तर गाव हसंल."

गाव हसेल म्हणून माझ्या आईनं ताटकळायचं? रोज मी पाळण्याला सांगत होते, रोज भांडी आदळत होते. दोघांनाही ऐकू जात होतं.

एका सकाळी माझं डोकं फिरलं. पदर सावरला आणि ओट्यावर जाऊन उभी राहिले. "आबा, माझी आई मरायला टेकलीय. मी निघाले."

आबा ताडकन उठले. "ह्यो माझा ल्योक कवा इचारतोय म्हून वाट बघत हुतो मी!" आणि बैल जुंपायला धावले.

भाजे गावापर्यंत गाडी, पुढं लोहगडवाडीचा चढ. नातीला कडेवर घेऊन आबा पुढं चालले, धाप लागली तरी थांबले नाहीत. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर जास्त संताप येतो.

आईची वाचा आदल्या संध्याकाळी गेली होती. तिनं मला ओळखलं. ओठ हलवत राहिली, मी कान तोंडाशी नेला, पण शब्द फुटेना.

"काल दिवसभर, तुला कायतरी सांगायचंय म्हणत हुती," भाऊ म्हणाला.

"काय सांगायचं होतं?"

त्यानं मान खाली घातली. "मी न्हाई इचारलं. म्हटलं, तुझ्याशीच बोलंल."