भुऱ्याचं बिल

वारज्याच्या सर्जेराव बराट्यांनी आयुष्यात एकही बिल पहिल्या वाचनात मान्य केलेलं नाही. हॉटेलात दोन चहा झाले तरी ते वेटरला उभं करून कागद खालून वर वाचतात. वरून खाली वाचलं की डोळा आपोआप बेरजेशी सहमत होतो, असं त्यांचं म्हणणं. सरकारी विमा कंपनीच्या पुण्यातल्या कचेरीत चौतीस वर्षं त्यांनी अपघातात ठोकलेल्या गाड्यांचे दावे तपासले. गॅरेजवाले पाठीमागं त्यांना काय म्हणत ते इथं लिहिण्याजोगं नाही. सर्जेरावांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा त्यांना अभिमानही होता.

त्यांची एक पद्धत होती. गॅरेजनं नवा बंपर बसवल्याचं बिल लावलं की ते बिलाशी वाद घालत बसायचे नाहीत. सरळ गॅरेजात जायचे आणि म्हणायचे, "जुना पार्ट दाखवा." खरंच बदलला असेल तर जुना कुठंतरी पडलेला असणारच. निम्म्या वेळा मालक डोकं खाजवायचा आणि चहा मागवायचा. सर्जेराव चहा प्यायचे नाहीत. दुसरं ते बघायचे ते म्हणजे बिलात काय नाही. नव्या दरवाजाचे पैसे लावलेत आणि रंगकामाचे लावलेले नाहीत, म्हणजे दरवाजा नवा नाही, जुनाच ठोकून सरळ केलाय. या दोन युक्त्यांवर त्यांनी कंपनीचे किती लाख वाचवले याचा हिशेब कंपनीनं कधी केला नाही. निरोप समारंभाला एक घड्याळ दिलं, ते दोन महिन्यांत बंद पडलं. तेव्हा सर्जेरावांनी घड्याळाच्या दुकानात जाऊन त्याची खरी किंमत विचारून घेतली.

निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, पण संशय सुटला नाही. तो घरी राहायला आला. मुलानं, इंद्रजीतनं, आईला फोनवरून सामान मागवायला शिकवलं होतं आणि आनंदीबाईंना त्याची गोडी लागली होती. एकदा कोथिंबीर, दही आणि साबण आला तो डिलिव्हरीचे पंचवीस, हाताळणीचे नऊ आणि पावसाचे जादा पंधरा रुपये लावून. सर्जेराव गॅलरीत गेले, हात बाहेर काढून दोन मिनिटं उभे राहिले आणि कोरडा हात घेऊन खाली गेटवर आले.

"पाऊस कुठंय?" त्यांनी डिलिव्हरीवाल्याला विचारलं.

"काका, ते ॲपला विचारा."

"ॲप भिजलं का?"

"मी तरी कुठं भिजलोय? पण त्या पंधरातला मला एक रुपया मिळत नाही, एवढं लिहून घ्या," तो म्हणाला आणि गाडी वळवून निघून गेला.

सर्जेरावांनी खरंच लिहून घेतलं. कंपनीला चार ईमेल गेले, पाचव्याला पंधरा रुपये परत आले. "पंधरा रुपयांसाठी आठ दिवस माझं डोकं खाल्लं," आनंदीबाई म्हणाल्या. त्या वारज्यातल्याच शेतकरी घरातल्या. त्यांच्या माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही शेतांवर आता इमारती आहेत, पण बोलणं अजून गावचं आहे. "पैकं आलं नव्हं? मग आता तरी हसा."

त्याच इंद्रजीतनं एक दिवस भुऱ्याचा विमा उतरवला आणि सर्जेरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

भुऱ्या म्हणजे त्यांचा कुत्रा. जात विचाराल तर गल्लीचीच. नऊ वर्षांपूर्वी रस्त्याचं काँक्रीट चाललं होतं तेव्हा खडीच्या ढिगामागं केकाटत होता, तो आनंदीबाईंनी पदराखाली घालून आणला. सर्जेराव दोन दिवस म्हणत होते की याच्यामागं कुणीतरी आहे, उद्या मालक म्हणून येईल आणि खाण्यापिण्याचे पैसे मागेल. कुणी आलं नाही. आनंदीबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हा प्राणी तीन महिने त्यांच्या पलंगाखालून हलला नव्हता. तव्यावरची पहिली भाकरी त्याची, मग घरातल्यांची. सर्जेराव याला लाड म्हणत. पण ते बिलं तपासायला बसले की भुऱ्या त्यांच्या पावलांवर हनुवटी टेकून झोपायचा आणि पायांना मुंग्या आल्या तरी ते काढून घ्यायचे नाहीत.

"देशी कुत्र्याचा विमा!" ते इंद्रजीतला म्हणाले होते. "आमच्याकडं म्हशीचा उतरवायचे. ती दूध तरी द्यायची." मग त्यांनी पॉलिसीची बावीस पानं लाल पेनानं वाचली आणि जाहीर केलं की यात कुत्रा मरण्याखेरीज बाकी सगळं वगळलेलं आहे.

ऑगस्टात भुऱ्यानं भाकरी टाकली. पोट एका बाजूनं फुगल्यासारखं दिसायला लागलं. कर्वेनगरच्या डॉक्टर आम्रपालीबाईंकडं नेलं. बाई तरुण, आवाज हळू, आणि भिंतीवर दरपत्रक. तपासणीचे आठशे, फेरतपासणीचे पाचशे. "पोटाला हात लावायच्या आधीच मीटर पडलं," सर्जेराव पुटपुटले. सोनोग्राफी झाली. प्लीहेवर गाठ होती. ऑपरेशन करून प्लीहाच काढावी लागेल, असं डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी अंदाजपत्रक दिलं. अठ्ठेचाळीस हजार रुपये.

सर्जेरावांनी ते खालून वर वाचलं. तीन रात्रींचा मुक्काम कशाला? कुत्रा जमिनीवर झोपतो, त्याला खोलीचं भाडं कसलं? दोन तासांची भूल का? गाठ लॅबला पाठवण्याचे साडेचार हजार, ती लॅब कुणाची? तुमचीच तर नव्हे? आम्रपालीबाईंनी एकेक ओळ समजावून सांगितली. सर्जेरावांचं समाधान झालं नाही. कुठंतरी पाणी मुरत होतं. त्यांनी दुसरीकडं विचारून यायची गोष्ट काढली, तेव्हा आनंदीबाई उठल्या.

"त्येच्या जिवाचा भाव करू नका," त्या म्हणाल्या. "सही करा."

त्यांनी सही केली. मात्र अर्जावर मुलाचा फोन नंबर होता तो खोडून स्वतःचा घातला. बिल आपल्याच हातात पडलं पाहिजे, मध्ये कुणी नको.

ऑपरेशनच्या दिवशी इंद्रजीतनं हिंजवडीच्या ऑफिसातून रजा घेतली आणि एकटाच भुऱ्याला घेऊन गेला. आईला बघवणार नाही, तुम्ही घरीच थांबा, म्हणाला. आनंदीबाई दिवसभर देवासमोर आणि दारात अशा फेऱ्या घालत होत्या. चार वाजता फोन आला. "झालं आई. गाठ काढली. उद्या घरी आणतो."

दुसऱ्या दिवशी भुऱ्या पोटाला पट्टी बांधून घरी आला, जिन्याच्या दोन पायऱ्या स्वतः चढला, आणि आनंदीबाईंनी अख्ख्या इमारतीत पेढे वाटले.

सर्जेरावांना मात्र एक गोष्ट खटकली होती. मुक्काम तीन रात्रींचा होता. कुत्रा एका रात्रीत परत आला. संध्याकाळी फोनवर बिल आलं आणि त्यांनी चष्मा पुसला. एकोणीस हजार चारशे.

बिल जास्त आलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. जास्त आलेल्या बिलाचं काय करायचं ते त्यांना माहीत होतं. हे निम्म्याहून कमी होतं. त्यांनी अंदाजपत्रक शेजारी ठेवलं आणि ओळीवर ओळ लावली. भूल दोन तासांऐवजी पंचेचाळीस मिनिटं. लॅबची ओळ गायब. रक्त चढवण्याची ओळ गायब. आणि दुखण्याच्या गोळ्या दहाऐवजी साठ.

त्यांनी इंद्रजीतला फोन लावला.

"डिस्काउंट दिला बाबा त्यांनी. तुम्ही कशाला बघताय? क्लेम मी ऑनलाइन टाकतो. तो कागद तुम्ही सोडा."

डिस्काउंट? जिच्या भिंतीवर फेरतपासणीचे पाचशे लिहिलेत तिनं? आणि कागद सोडा? चौतीस वर्षांत ज्यानं ज्यानं त्यांना कागद सोडा म्हटलं त्याच्याकडं काहीतरी निघालंच होतं. सर्जेरावांच्या डोक्यात चित्र पूर्ण झालं. आपल्याला एकोणीस हजारांचं बिल, विमा कंपनीला अठ्ठेचाळीसचं, मधले एकोणतीस डॉक्टर आणि इंद्रजीत वाटून घेणार. असले जोडबिलांचे धंदे त्यांनी डझनभर पकडले होते. पण हा त्यांचा मुलगा होता. त्यांच्याच घरात, त्यांच्याच नाकाखाली. त्यांना इतकं वाईट वाटलं की त्या रात्री ते जेवलेच नाहीत, आणि आनंदीबाईंना वाटलं पेढे जास्त झाले.

सकाळी दोन्ही कागद पिशवीत घालून ते स्कूटरवरून कर्वेनगरला गेले. दवाखाना नुकताच उघडत होता. आम्रपालीबाई आत हात धूत होत्या.

"या काका. भुऱ्या कसा आहे?"

"तो बरा आहे. डॉक्टर, काढलेली गाठ दाखवा."

बाईंनी नळ बंद केला. "काय म्हणालात?"

"गाठ. पोटातून काढली ना तुम्ही? बरणीत ठेवली असेल तर बरणी दाखवा. लॅबला पाठवली म्हणावं तर लॅबचे पैसे बिलात नाहीत."

"इंद्रजीत तुमच्याशी काही बोलला नाही?"

"बोलला ना. तुम्ही डिस्काउंट दिलात म्हणाला."

"आम्ही डिस्काउंट देत नाही, काका."

"तेच तर म्हणतोय मी!" सर्जेरावांचा आवाज चढला. "मग गाठ कुठंय?"

बाईंनी दार लोटून घेतलं. खुर्ची पुढं केली. सर्जेराव बसले नाहीत.

"गाठ काढलेलीच नाही," त्या म्हणाल्या.

एक क्षणभर सर्जेरावांना आनंद झाला. पकडल्याचा तो जुना, ओळखीचा आनंद. त्या क्षणाची लाज त्यांना नंतर किती दिवस वाटत राहिली ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. कारण बाई पुढं बोलत होत्या. पोट उघडलं तेव्हा गाठ प्लीहेपुरती नव्हती. यकृतावर पसरली होती, आतड्याच्या आवरणावर दाणे दिसत होते. काढण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. काढायला गेलो असतो तर टेबलावरच गेला असता. म्हणून टाके घातले. बाहेर येऊन इंद्रजीतला सांगितलं, तो इथंच बाकावर बसून रडला आणि म्हणाला, आईबाबांना ऑपरेशन झालं एवढंच सांगा, आईला काही दिवस तरी सुखाचे मिळू देत.

पंचेचाळीस मिनिटं. लॅब नाही. रक्त नाही. गोळ्या साठ. सगळं कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं. त्यांनी एकही ओळ चुकीची वाचली नव्हती, आणि तरी असा अर्थ लावला होता.

आता ते बसले. बराच वेळ पिशवीचे बंद गुंडाळत राहिले.

"किती?" त्यांनी विचारलं.

"महिना. कदाचित कमीच. दुखू नये एवढं मी बघेन."

"भूल पंचेचाळीस मिनिटांची लावलीय. ते बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"आणि अंदाजपत्रक अठ्ठेचाळीसचं होतं. सही झालेली होती. सगळं लावलं असतं तरी आम्हाला कळलं नसतं."

"जे केलं त्याचंच लावलं, काका."

सर्जेरावांनी मान हलवली. मुलाबद्दल आपण काल रात्री काय काय मनात आणलं होतं ते आठवून त्यांना तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. निघताना त्यांनी बाईंना हात जोडले. असे हात त्यांनी कुठल्याही बिल लावणाऱ्यापुढं आजवर जोडले नव्हते.

घरी येताना चांदणी चौकाच्या रस्त्यानं ते उगाचच लांबून आले. वाटेत ठरलं. इंद्रजीतनं ठरवलं तेच बरोबर. हिला हा महिना मिळाला पाहिजे. खोटं बोलायला काय लागतं? आयुष्यभर त्यांनी लोकांची खोटी ऐकली होती, त्यातलं चांगलं कुठलं आणि कच्चं कुठलं हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

आनंदीबाई ओट्याशी भाकरी थापत होत्या. भुऱ्या दाराशी आडवा पडला होता. त्यानं शेपटी दोनदा जमिनीवर आपटली, उठला नाही.

"कुठं गेलावता सकाळी सकाळी? डॉक्टरीणबाईंशी भांडायला?"

"बिल दाखवायला."

"मग? काय निघालं?"

"काही नाही," सर्जेराव चप्पल काढता काढता सहज म्हणाले. "बिल बरोबर आहे."

"समदं?"

"सगळं. एक रुपया जास्त लावलेला नाही. बाई सरळ आहे."

आनंदीबाईंचा हात परातीत थांबला. त्यांनी मागं वळून नवऱ्याकडं पाहिलं. एकेचाळीस वर्षांचा संसार झाला होता. लग्नातल्या मांडववाल्यापासून गुडघ्याच्या हॉस्पिटलापर्यंत किती बिलं या घरात आली, याचा हिशेब नाही. त्यांनी गॅस बंद केला, पिठाचे हात पदराला पुसले आणि गुडघा धरत भुऱ्याजवळ खाली बसल्या. त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"किती दिस हायेत?" त्यांनी विचारलं.