लोणावळा-कुरवंडे, मुक्ताच्या परवानगीने

"मी येते. पण एका अटीवर," मुक्ता म्हणाली आणि माझा पोह्यांचा घास हातातच राहिला. आमच्या घरात अटी घालायचं खातं आजवर तिच्या आईकडे होतं.

अट अशी : या सहलीबद्दल मी इथे जे काही लिहीन ते आधी मुक्ता वाचणार. तिने खोडलं की खोडलं, त्यावर अपील नाही. तिचा चेहरा फोटोत, व्हिडिओत कुठेही दिसायचा नाही. पाठमोरी चालेल. "आणि माझ्या रडण्याबद्दल काही लिहायचं नाही. रडले तरी नाही."

जुन्या वाचकांना आमचं घर पाठ आहे, नव्यांसाठी सांगतो. मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला, बायको संपदा दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट, मुक्ता सहावीत, मुक्काम चिंचवड. दोन नोकऱ्या आणि एक मूल सांभाळताना घरात जो गोंधळ उडतो तो मी न सजवता इथे मांडतो. करपलेल्या पोळ्या, विसरलेल्या पालकसभा, रविवारची भांडणं, सगळं. लोक म्हणतात, अगदी आमच्याच घरातलं लिहिता हो. मी खूश. पण मध्यंतरी मुक्ताबद्दलची एक पोस्ट तिच्या वर्गात कुणीतरी मधल्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवली. कोणती ते शोधत बसू नका, काढून टाकली आहे. आधी ही पोरगी पायातले बूट काढायच्या आत शाळेच्या बातम्या सुरू करायची. कोण कुणाशी कट्टी, कोणत्या बाईंनी कोणती साडी नेसली, डब्यात कुणी काय आणलं. आता "आज काय झालं गं?" असं विचारलं की उत्तर येतं, "काही नाही."

मला त्या बातम्या परत हव्या होत्या. लोणावळा हे नुसतं निमित्त, उगाच खोटं कशाला बोलू? अट मंजूर केली.

दिवाळी नुकतीच संपली होती आणि संपदाला शनिवार-रविवार जोडून सुट्टी मिळाली होती. आमच्याकडे हा योग ग्रहणापेक्षा दुर्मिळ. गाडी काढायचा विचार मी केला आणि लगेच सोडला. शनिवारी सकाळी लोणावळ्याकडे गाडीने जाणं म्हणजे ट्रॅफिकमध्ये बसून वेफर्स खाणं. चिंचवडहून लोकल धरा. तिकीट एका वडापावपेक्षा स्वस्त, खिडकी बहुतेक मिळते, पार्किंगची कटकट नाही. फक्त दुपारच्या वेळी गाड्या फार कमी असतात, तेव्हा वेळापत्रक बघून निघा. हे मी का सांगतोय ते आता कळेल.

देहूरोड गेलं, बेगडेवाडी गेलं, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला.

"मुक्ता, चेहरा नाही म्हणालीस. पाय चालतील का?"

तिने आपल्या नव्याकोऱ्या नारिंगी बुटांकडे बघितलं. दिवाळीचे बूट होते, तिलाही ते जगाला दाखवायचे होतेच. "पाय चालतील."

बेत साधा होता. पुढच्या स्टेशनवर मी आधी उतरणार, मोबाईल खाली धरणार, मुक्ताचे बूट डब्यातून फलाटावर येणार, की आम्ही लगेच परत डब्यात. पुढचं स्टेशन घोरावाडी. छोटंसं, गर्दी नाही, मागे छान डोंगर. संपदा म्हणाली, "अरे, इथे गाडी थांबल्यासारखं करते आणि सुटते." मी म्हणालो, "पाच सेकंदांचं काम आहे."

पहिल्यांदा मुक्ता धाडकन उतरली. क्वालिटीतला माणूस मी, मला पटेना. "परत एकदा, जरा सावकाश." ती चढली आणि पुन्हा उतरली. काय सुंदर सावकाश उतरली! आणि गाडी हलली.

दारात उभ्या असलेल्या संपदाचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. मी दोन पावलं धावलो तेवढ्यात मागून आवाज आला, "ओ, पळू नका! मरायचंय का?" बाकावर पिशवी मांडीवर घेऊन एक म्हातारबाबा बसले होते. मी थांबलो. गाडी गेली.

"काय ऱ्हायलं का गाडीत?" त्यांनी विचारलं.

"बायको राहिली."

"मंग काय काळजी न्हाई. त्या उतरत्यान बरोबर. तुमी बसा हितं निवांत."

मुक्ता हसत सुटली. पोट धरून, उचकी लागेपर्यंत. तेवढ्यात संपदाचा फोन. "धपाटे माझ्याकडे आहेत, पाणी माझ्याकडे आहे आणि मी खायला सुरुवात केली आहे. तुमचे बूट कसे आलेत?" आणि फोन बंद.

पुढची गाडी तासाभराने होती. एवढा वेळ आम्ही बापलेक नुसते कधी बसलो होतो, आठवत नाही. समोरच्या डोंगरावर गवत पिवळं पडलं होतं. म्हातारबाबांनी मुक्ताला पिशवीतला पेरू दिला, चाकू नव्हता म्हणून तिने दातांनीच फोडला आणि अर्धा मला दिला. मग बुटांनी फरशीवर रेघा ओढत ती म्हणाली, "बाबा, एक सांगू?"

मी कान टवकारले. "सांग ना."

तिने बुटाने आणखी एक रेघ ओढली. "नको. राहू दे."

"का गं?"

"तू टाकशील."

रागावून नाही, रडून नाही. उद्या पाऊस पडेल म्हणतात ना, तसं म्हणाली. मी टाकणार नाही म्हणालो, पण ते मी याआधी इतक्यांदा म्हटलं होतं की माझं मलाच पोकळ वाटलं. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. पेरू तसाच हातात राहिला आणि मी रुळांकडे बघत बसलो.

लोणावळ्याला संपदा चहाच्या टपरीशी उभी होती. धपाटे निम्मे संपले होते, राग पूर्ण संपला होता. हा तिचा मोठेपणा. स्टेशनबाहेर चिक्कीच्या दुकानांपुढे पर्यटकांची झुंबड होती. चिक्की येताना घ्या, जाताना ओझं कशाला? रिक्षांना मीटर नावाची गोष्ट नाही. कुरवंड्याचे पाचशे सांगितले, संपदाने ते चारशेवर आणले. रिक्षावाले दादा वाटेत म्हणाले, "मॅडम, तुम्ही आल्या म्हणून चारशे. साहेब एकटे असते तर सहाशे घेतले असते." मुक्ताला हे फार आवडलं.

कुरवंड्यात आम्ही एका शेतकऱ्याच्या घरी उतरलो. घरचे आबा, कुसुममावशी, पुढे पडवी, मागे खळं. माणशी आठशे, त्यात दोन जेवणं, नाश्ता, चहा. खोली साधी, गाद्या स्वच्छ, गरम पाणी चुलीवरचं. तरणतलाव आणि संगीत हवं असेल तर लोणावळ्यातच राहा, इथे येऊन मावशींच्या डोक्याला ताप देऊ नका. जेवायला पिठलं, भाकरी, ठेचा आणि नव्या इंद्रायणीचा भात. मावळातला हा तांदूळ शिजायला लागला की वास पार रस्त्यापर्यंत येतो. इथे मुक्ताने किती भात खाल्ला त्याचं वर्णन होतं. ते उडवलं गेलं आहे.

उन्हं उतरल्यावर आबा म्हणाले, "रास मापायचीय. बघायचं तर या."

खळ्यावर झोडलेल्या भाताचा ढीग होता, सारवलेल्या जमिनीवर उठून दिसत होता. मागे नागफणीचा कडा, वर तिरकं ऊन. माझा हात आपोआप खिशाकडे गेला. अशा वेळी माझा हात माझ्या ताब्यात नसतो.

"चपला भाईर," आबा म्हणाले. "आन फोटू आत्ता न्हाई. रास मापताना बोलायचं बी न्हाई आन फोटू बी न्हाई. माप झालं की मंग काय पायजे ते काढा."

"का हो आबा?"

"माजा बा तसंच करायचा. अजून आपल्या पदरात पडलंबी न्हाई, तवर कशाला चारचौघांत मिरवायचं?"

कुसुममावशी कोपऱ्यातून म्हणाल्या, "आवं, ह्येंचं आयकू नका. ह्येंना मापताना आकडा चुकायचं भ्या असतं म्हनून गप बसवत्यात सगळ्यांना."

"गप गं," आबा म्हणाले आणि कामाला लागले.

मी मोबाईल संपदाच्या पर्समध्ये टाकला. पोत्याचं तोंड धरायला माणूस हवा होता, आबांनी मुक्ताला खूण केली. पहिल्या मापाला ते 'एक' म्हणाले नाहीत, 'लाभ' म्हणाले. मग दोन, तीन. मुक्ता ओठ घट्ट मिटून पोतं धरून उभी होती, केसांत, भुवयांवर भाताची धूळ. मध्येच तिने चटकन माझ्याकडे बघितलं. माझ्या हाताकडे, खरं तर. हात रिकामे होते. मी अनवाणी उभा, बोलायला बंदी, फोटोला बंदी. तुम्हाला सांगतो, पहिली दोन मिनिटं जीव कासावीस झाला. नंतर मात्र मी लेकीकडे नुसतं बघत राहिलो, आणि तिला असं बघून किती दिवस झाले हे तेव्हा लक्षात आलं. माप संपलं, आबांनी राशीला हात जोडले, मावशींनी चहा आणला. पर्समधला मोबाईल पर्समध्येच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागफणी. इंग्रजांनी या सुळक्याला कुठल्याशा ड्यूकचं नाक म्हटलं, गावात तो नागाचा फणाच. कुरवंड्यातून वाट सोपी आहे, पण उन्हाच्या आधी निघा. पाणी घ्या, बूट घाला, गवत वाळलं की सॅंडल घसरते. वाटेत एका ठिकाणी थोडा कातळ चढावा लागतो. तिथे एक प्रसंग घडला, तो पूर्ण खोडण्यात आला आहे. एवढंच लिहायची परवानगी मिळाली की आम्ही तिघेही वर पोचलो आणि त्यातल्या एकाचा हात दुसऱ्याने सोडला नव्हता. वर महादेवाचं छोटं देऊळ आणि नुसता वारा. खाली घाटात ट्रक काड्यापेट्यांसारखे सरकत होते. संपदा वाऱ्याकडे तोंड करून मोठमोठ्याने कविता म्हणायला लागली, शाळेतली, अर्धी विसरलेली. मुक्ताने "आई, लोक बघतायत" म्हणून डोळे झाकले. याची परवानगी संपदाने स्वतः दिली आहे.

निघताना कुसुममावशींनी मुक्ताच्या हातात तांदळाची पिशवी ठेवली. "तू पोतं धरलंस न्हवं? तुजा वाटा." आम्ही आणखी पाच किलो विकत घेतला. लोणावळ्यात शेंगदाण्याची आणि तिळाची चिक्की घेतली. चॉकलेटची घेऊ नका, ती धड ना चिक्की ना चॉकलेट.

परतीची लोकल लोणावळ्यातूनच सुटते, त्यामुळे तिघांनाही खिडकीजवळ जागा. मुक्ताने हात पुढे केला. "मोबाईल." तपासणी सुरू झाली. घोरावाडीचे बूट, मावशींची चूल, आबांची बैलजोडी, डोंगर, पाठमोरी मुक्ता, डोंगर, धपाटे.

"खळ्यावरचा एकही नाही?"

"आबा नको म्हणाले होते."

"मापताना नको म्हणाले होते. नंतर काढा म्हणाले."

"आबांनी काढा म्हटलं," मी म्हणालो. "तुला विचारायचं राहिलं होतं. तू दमली होतीस, म्हणून नाही विचारलं."

तिने मोबाईल परत दिला आणि खिडकीबाहेर बघत बसली. मळवली गेलं, कामशेत गेलं. घोरावाडी आलं तेव्हा संपदाने आम्हा दोघांची मनगटं गच्च धरून ठेवली होती.

तर सहल अशी झाली. तिघांचा सगळा खर्च, चिक्की आणि तांदूळ धरून, लोणावळ्यातल्या बऱ्या हॉटेलच्या एका रात्रीपेक्षा कमीच. मुक्ताच्या वाट्याचा तांदूळ कालच शिजवला, बिल्डिंगमध्ये वास गेला आणि शेजारच्या काकू वाटी घेऊन आल्या. बुटांची रील टाकलेली नाही. बूट छान आलेत, पण शेवटी गाडी सुटल्यावरचं माझं ओरडणं त्यात आहे आणि ते मी खोडलं आहे. खोडायचा अधिकार मलाही आहे, हे मी घरात भांडून मिळवलं.

इथे माझा मजकूर संपला होता. काल रात्रीच्या जेवणानंतर मुक्ताने तो वाचला, काय काय उडवलं ते तुम्ही बघितलंच. शेवटपर्यंत आली आणि म्हणाली, "हे अपुरं आहे."

"काय राहिलं?"

"कामशेतनंतरचं. मी तुला सांगितलं ते."

"ते मी लिहिणारच नव्हतो गं."

"काय सांगितलं ते नकोच लिहू." ती मोबाईल माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "पण सांगितलं, एवढं तर लिही."

तर, लिहितो. रविवारी संध्याकाळी, कामशेतपासून चिंचवडपर्यंत, मुक्ताने मला सांगितलं.